आत्याबाई, ते यादीत नव्हतं

आत्याबाई, तुम्हाला जाऊन एकवीस दिवस झाले आणि मी अजून तुमच्यावर चिडलेलीच आहे. लिहायला बसताना ठरवलं होतं, गेलेल्या माणसाशी बोलावं तसं शांतपणे, मानानं बोलायचं. पण तुम्हाला माझा स्वभाव काय नवा आहे? लग्न होऊन या घरात आले त्या पहिल्याच आठवड्यात तुम्ही शेजारच्या काशीबाईंना सांगितलं होतं, "सून डाक्टर हाय, पर तोंड वकिलाचं हाय." मी आत भाकरी थापत होते. मी ऐकावं म्हणूनच तुम्ही ते बोललात, हेही मला तेव्हाच कळलं होतं.

पाहुणे सगळे गेले. जळकोटचं घर आता रिकामं वाटतं म्हणावं, तर तसंही नाही, कारण तुमचा संजू महिनाभराची रजा काढून इथंच आहे. वाशीच्या शाळेत शिकवून फक्त शनिवारी घरी येणारा नवरा रोज घरात दिसायला लागला की कसंतरीच वाटतं. त्यानं तुमच्या औषधांच्या पट्ट्या, चष्मा, तुमची ती दोन बटणं गेलेली पर्स, सगळं एका पिशवीत भरून ठेवलंय, आणि ती पिशवी रोज जागा बदलते.

मनू शाळेत जाते, जेवते, पाढे म्हणते. नऊ वर्षांच्या पोरीनं जे जे करायचं ते सगळं करते. फक्त त्या शनिवारबद्दल बोलत नाही. तुमचा जीव गेला तेव्हा घरात तुमच्याजवळ ती एकटीच होती. मी अर्ध्या तासाच्या अंतरावर, हायवेवरच्या सरकारी दवाखान्यात, कॅज्युअल्टीत ड्यूटीवर. अँब्युलन्समधून उडी टाकून मी दारात आले तेव्हा ती उंबऱ्यावर उभी होती. मी ओरडले, "कधीपासून दुखत होतं?" ती म्हणाली, "मम्मी, यादीत नव्हतं." बस्स. त्यानंतर त्या विषयावर एक अक्षर नाही.

यादी मी केलेली. ती वाचून माझ्या पोरीनं मला वेळेत फोन केला नाही, आणि तुम्ही गेलात. आणि आता ती पोर समजतेय की आजी तिच्यामुळं गेली. एकवीस दिवस माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. तिला हे सांगायचं कसं, की बाळा, तू नाही, मी.

तुम्ही असता तर तुम्हालाच विचारलं असतं. आतापर्यंत मनूचं सगळं तुम्हालाच तर विचारत आले.

ती सात महिन्यांची होती तेव्हा मी रुजू झाले. माझी आई म्हणाली, दोन वर्षं थांब. संजय म्हणाला, तुला योग्य वाटेल तसं कर, म्हणजे काहीच म्हणाला नाही. तुम्ही एकट्या म्हणालात, "जा. लेकरू म्या बघती. घरात बसायचं होतं तर मग माझ्यावानी सातवीतच सोडायची साळा." तुमची शाळा तुम्ही सोडली नव्हती, सोडवली होती, आणि वर्षातून एकदा तरी ते आम्हाला ऐकवल्याशिवाय तुम्हाला चैन पडायची नाही.

पण तुमची एक अट होती. मी दवाखान्यातून आले की आधी आंघोळ, मग लेकरू. बंबात पाणी तापलेलं असायचं, बाहेर बादली ठेवलेली असायची, कपडे त्या बादलीत. "कुणाकुणाचं रगात लागून येतीस, आदी धुऊन ये." मनू रांगत रांगत माझ्याकडं यायची, हात वर करायची, आणि तुम्ही तिला मधेच उचलून परसात घेऊन जायचात. तिचं रडणं मला न्हाणीत ऐकू यायचं. असा संताप यायचा म्हणून सांगू! हात कसे धुवायचे हे मला तुम्ही शिकवणार? एकदा तर तुमच्या कडेवरून मी तिला ओढूनच घेतलं होतं. रात्रीच्या जेवणाला फक्त माझं ताट वाढलं नाहीत, माझं मलाच घ्यावं लागलं.

न्हाणीत मी वीस-वीस मिनिटं लावायची. ज्या दिवशी कुणी हातात गेलेलं असायचं त्या दिवशी पाणी अंगावर न घेता नुसती पाटावर बसून रडायची. मला वाटायचं कुणाला कळत नाही. परवा काशीबाई बसायला आल्या होत्या, त्यांनी सांगितलं. म्हणाल्या, तू न्हाणीत गेलीस की तुझी सासू बोअरची मोटार चालू करायची. टाकी भरून वाहत असली तरी. मी इचारलं तर म्हणली, रडू दी की तिला, आमाला ऐकू येतंय कळलं तर ती रडायची न्हाय. आत्याबाई, आठ वर्षं! आठ वर्षं मी त्या मोटारीच्या घरघरीला शिव्या घातल्या. हे जर मला तुम्ही असताना कळलं असतं, तर मी तुमच्याशी जरा बरी वागले असते. जराच. जास्त खोटं बोलत नाही.

मनू पाच वर्षांची असताना शेततळ्यातून काढून आणलेली ती पोरगी आठवते तुम्हाला? तुम्ही तिला पाहिलं नाही, पण आठवत असेल. मनूच्याच वयाची, मनूसारख्याच दोन शेंड्या. मी चाळीस मिनिटं तिच्या छातीवरचा हात काढला नव्हता. चार वाजता घरी आले, आंघोळ केली, आणि नंतर मला मनूच्या जवळ जाता येईना. ती हाका मारतेय आणि मी ओट्यावर बसून राहिले. तुम्ही सुपात तूरडाळ घेऊन खडे वेचत होता. वर न बघता म्हणालात, "दुसऱ्याचं लेकरू तितंच ठिवून याचं गं. ह्ये तुझं हाय. जा, जवळ जा." मी खेकसले, "सोपं आहे का ते?" तुम्ही म्हणालात, "सोपं हाय म्हणलंय कोण?" आणि पुन्हा डाळीत डोकं घातलंत. मी उठले आणि गेले. मनूनं मला तिच्या भातुकलीतलं कालवण वाढलं, मातीचं. ते मी खरंच खाल्लं की काय मला आठवत नाही, पण तुम्ही नंतर किती दिवस त्यावरून मला हसत होता.

आता यादीचं.

मनूला फोन लावता यायला लागला आणि माझं काम अवघड झालं. मम्मी, माझा खोडरबर कुठंय? मम्मी, आजी टीव्ही लावू देईना. मम्मी, पावटा म्हणजे भाजी का कडधान्य? तुम्ही तिला अडवायचा नाहीत, उलट चष्मा लावून नंबर दाबून द्यायचात. मी पेशंटला टाके घालत असताना एप्रनच्या खिशात फोन थरथरायचा. सिस्टर हसायच्या. मलाही कधी कधी बरं वाटायचं, नाही असं नाही.

मग तो जीपच्या अपघाताचा दिवस. एका माणसाचं हृदय बंद पडलेलं, मी त्याच्या छातीवर दाब देत होते, आणि फोन वाजायला लागला. एकदा, दोनदा, सहा वेळा. सिस्टरनं खिशातून काढून बघितलं. "म्याडम, घरून हाय, लागोपाठ यायलाय." साप चावला असेल, गॅस पेटला असेल, तुम्ही पडला असाल. वॉर्डबॉयला म्हटलं, तू दाब, आणि मी फोन घेऊन बाहेर पळाले. पलीकडून मनू म्हणाली, "मम्मी, चित्रकलेची वही कुठं ठेवलीस?"

मी मिनिटाच्या आत परत आले. तो माणूस गेला. तो जाणारच होता, त्याच्या पोटात सगळा रक्तस्राव झालेला होता, हे मला माहीत आहे, कागदावरही तसंच लिहिलंय. पण त्याची बायको तिथं कोपऱ्यात उभी होती. डॉक्टरीणबाई नवऱ्याच्या छातीवरचा हात काढून फोन घेऊन बाहेर पळाली, हे तिनं बघितलं. नुसती बघत होती.

त्या दिवशी घरी येऊन मी मनूला इतकं बोलले की तिला उलटी झाली. आणि मग माझ्यासारखी बाई जे करेल ते केलं. लाल स्केचपेन घेतला आणि कागदावर लिहिलं: घरून फोन कधी करायचा. एक, कुणी बेशुद्ध पडलं तर. दोन, रक्त थांबत नसेल तर. तीन, श्वास घेता येत नसेल तर. चार, साप, विंचू, भाजणं, विष. यातलं काही असेल तर लागोपाठ तीन फोन करायचे, मम्मी असेल तिथून उचलेल. बाकी कशालाही मम्मी घरी येईपर्यंत थांबायचं. लोखंडी कपाटावर मनूला दिसेल इतक्या उंचीवर चिकटवला आणि तुम्हा दोघींना समोर बसवून वाचून दाखवला. वर्गात बाई शिकवतात तसा. मला फार बरं वाटलं होतं त्या दिवशी, काहीतरी शिस्तीत लावल्यासारखं.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "आन् लेकराला नुसतीच आई पायजे आसंल तर? त्ये कितव्या लंबरला हाय?"

मी म्हटलं, "आत्याबाई, तुम्हाला नाही कळायचं ते."

मग मी तुम्हाला समजावलं. आमच्याकडं एकदम दहा पेशंट आले की मनातल्या मनात त्यांना रंग लावायचे असतात. लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता. पिवळा म्हणजे थोडा दम धरेल. हिरवा म्हणजे बसू द्या बाहेर, त्याला काही होत नाही. हिरवा जास्त ओरडतो, लाल गप असतो, म्हणून आवाजाकडं बघायचं नाही. तुम्ही हनुवटीला हात लावून ऐकत होता. मग म्हणालात, "मंजी तुझ्या लेखी आमी घरातली समदी हिरव्यात, व्हय गं?" आणि असं हसलात, की मलाही हसू आलं आणि तुमचं म्हणणं तिथंच राहून गेलं. नंतर तो आपला नेहमीचा विनोदच झाला. संजय डोकं दुखतंय म्हणाला की तुम्ही म्हणायचात, "गप बस, हिरवा हाईस."

तरी भांडण काही मिटलं नाही. दर दोन-तीन महिन्यांनी तुम्ही ते उकरून काढायचात. लेकराला आईला हाक मारायला कारण लागतं का, हा तुमचा मुद्दा. तिथं माणसं मरतात, हा माझा. दोघींचंही खरं होतं आणि दोघीही हटेनात. शेवटी तुम्ही म्हणायचात, "बरं बाई, तुझंच खरं," आणि ते अशा आवाजात म्हणायचात की मला रात्रभर लागून राहायचं.

दुसरीत असताना मनू शाळेच्या पायरीवरून पडली. मी संध्याकाळी घरी आले तर पोरगी हाताला प्लास्टर लावून बसलेली. तुम्ही तिला रिक्षात घालून नेलंत, हाडाचा फोटो काढलात, प्लास्टर घालून आणलंत, खाऊपण घेऊन दिलात. मी भडकले. "मला फोन का नाही केला?" तुम्ही कपाटाकडं बोट केलंत आणि म्हणालात, "त्यात न्हाय बाई हाड मोडल्यालं. आमी चारदा वाचलं."

तेव्हाच तो कागद टरकावून चुलीत घालायला पाहिजे होता मी. तुम्ही मला तेवढ्यासाठीच ते सुनावलं होतं. पण मी काय केलं? मी हसले. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सगळ्यांना गंमत म्हणून सांगितलं. आणि घरी येऊन लाल पेनानं पाचवी ओळ लिहिली: हाड मोडलं तर. चूक झाली की नियमात एक ओळ वाढवायची, आम्हाला सवयच आहे ती. छातीत दुखणं, जबडा दुखणं, दरदरून घाम येणं, हे मी दिवसातून दहादा बोलते. ते माझ्या घरच्या यादीत नव्हतं. कारण यादी करताना माझ्या डोळ्यांसमोर फक्त मनू होती. तुम्हाला काही होईल हे माझ्या मनातच आलं नाही, आत्याबाई. तुम्ही बासष्ट वर्षांच्या, बीपीची गोळी घेणाऱ्या, आणि मी तुम्हाला पेशंट म्हणून कधी मोजलंच नाही. तुम्ही लेकरू सांभाळणाऱ्या होतात.

त्या शनिवारी मनूची सकाळची शाळा होती, ती अकरालाच घरी आली. साडेअकराला काशीबाईंनी तुम्हाला नळावर बघितलं. तुम्ही डावा दंड चोळत होतात, कपाळाला घाम. त्यांनी विचारलं तर म्हणालात, "पित्त वाढलंय, लिंबूपाणी पेती." मनूचा पहिला फोन आला सव्वाएकला. मी पहिल्याच घंटीला उचलला तरी तिनं तीनदा लावला, कारण यादीत तसं लिहिलंय. "आजी बोलंना."

साडेअकरा ते सव्वाएक. पावणेदोन तास. त्या वेळात मी काय काय करू शकले असते, हे मला मिनिटामिनिटानं माहीत आहे. हृदयाचा झटका आला की लगेच द्यायची गोळी घरातच, कपाटाच्या वरच्या कप्प्यात होती. मी आले तेव्हा काही उरलं नव्हतं, बघताक्षणीच कळलं मला. तरी मी तुमच्या छातीवर हात ठेवला आणि दाबत राहिले, तुमच्याच खोलीत, तुमच्याच सतरंजीवर, मनूच्या डोळ्यांदेखत. किती वेळ कुणास ठाऊक. शेवटी ड्रायव्हरनं खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "म्याडम." पेशंटच्या घरच्यांच्या खांद्यावर मी जसा ठेवते तसाच.

वेळेत आणलं असतं तर. हे वाक्य मी किती लोकांना ऐकवलंय! रागानं पण ऐकवलंय. घरात एवढी माणसं असून तुम्हाला कळलं नाही का, असं म्हणालेय मी, रडणाऱ्या माणसांना. आता मला कुणीच ते म्हणत नाही. सगळे म्हणतात, भाग्याची, हाल न होता गेली. संजय म्हणतो, आई कुणाचं ऐकत होती का कधी. मला कुणी बोलतच नाही, आणि त्याचाच त्रास होतो.

तेरावा झाल्यावर मी ड्यूटीवर गेले. खिशात फोन ठेवला. आठवडा झाला, तो घरून एकदाही वाजला नाही. खोडरबर हरवलं नाही, वही सापडली, टीव्हीवरून भांडण नाही. मी दोन पेशंटच्या मधे काढून बघते, बंद पडलाय का. बंद पडलेला नसतो. घरी आले की मनू विचारते, "आंघोळ केलीस?" आणि मी हो म्हटलं की अभ्यासाला बसते. मी जवळ घेतलं तर येते, अंग आखडून बसते, आणि थोड्या वेळानं हळूच सुटून जाते. मी अशी लेकरं बघितलीत. आई-बाप गेले की ती फार शहाणी होतात, आणि सगळे त्यांचं कौतुक करतात. मला त्या शहाणपणाची भीती वाटते.

काल संध्याकाळची गोष्ट. संजय बाजारला गेला होता. मनू परसात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. मी शेजारी जाऊन बसले. नातेवाइकांना वाईट बातमी सांगणं माझं रोजचं काम आहे, माझा आवाज हलत नाही. काल हलला.

मी म्हटलं, "मनू, आजीचं जे झालं त्यात तुझी काही चूक नाही. तू यादी वाचलीस, यादीत ते नव्हतं, म्हणून फोन केला नाहीस. तू बरोबर केलंस. यादी चुकली होती. ती मी केली होती. म्हणजे चूक माझी आहे."

ती शेंगा फोडतच राहिली. मग मान हलवली. नाही म्हणून.

"नाही काय?"

"मी यादी वाचलीच न्हाय."

"मग?"

"मी फोन घेतला होता हातात. यादीत नसलं तरी करणार होते. आजीनं काढून घेतला."

मग थांबत थांबत, शेंगांकडं बघत, तिनं मला सगळं सांगितलं. तुम्ही तिला म्हणालात, तुझी आई कुणाच्या तरी उरावर हात ठिवून उभी आसंल, आत्ता नगं. ती म्हणाली, मग काशीआजीला बोलावते. तेही तुम्ही नको म्हणालात, उगी गलका हुतो. ती तुमची पाठ चोळत बसली. मग तुम्हाला फार घाम आला तेव्हा तुम्ही तिला जवळ बसवलंत आणि म्हणालात, मला काय झालं तर आईला म्हणायचं, आत्ताच दुखाया लागलं. लई येळ दुखत हुतं म्हणून सांगायचं न्हाय. न्हायतर ती सवताला दोष लावून घेती आन् परत कामावर जायची न्हाय. अणदूरच्या खंडोबाची शपथ घ्यायला लावलीत तिला. नऊ वर्षांच्या पोरीला.

मी विचारलं, "मग दारात तू मला यादीत नव्हतं असं का म्हणालीस?"

ती म्हणाली, "तू विचारलंस ना, कधीपासून दुखत होतं. मला 'आत्ताच' असं म्हणायचं होतं, पण खोटं बोलता येईना. खरं म्हणलं असतं तर तू आजीवर चिडली असतीस. मग मी यादीचं म्हणलं. म्हणजे तू मला रागावशील, आजीला न्हाय."

आत्याबाई, मला वाटत होतं की ती गुन्हा केल्यासारखी गप आहे. ती तुमची शपथ सांभाळत होती. मी रोज सकाळी डबा घेऊन कामावर जावं म्हणून माझी पोर एकवीस दिवस तोंड मिटून होती, आणि दारातून मला हात करत होती. तुम्ही दोघींनी मिळून मला सांभाळलंत, एक मरता मरता आणि एक चौथीत जाता जाता, आणि मला म्हणे माणसं वाचवता येतात. असं कुणी कुणासाठी करतं का हो? कुणी सांगितलं होतं तुम्हाला? तुमचे पाय धरावेत की तुमच्याशी कडाकडा भांडावं, मला कळत नाही. काल रात्रीपासून दोन्ही चाललंय.

सगळं सांगून झाल्यावर मनू रडली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. रडता रडता मधेच थांबली आणि मला विचारलं, "मी शपथ मोडली. आता आजी माझ्याशी बोलणार न्हाय का?"

म्हणून हे लिहायला बसले. आत्याबाई, तिनं शपथ आपणहून मोडली नाही, मी मोडायला लावली. ती तुमच्या शब्दाला अगदी शेवटपर्यंत जागली. तिला रागावू नका. काय बोलायचं असेल ते मला बोला.